ग्रेंडेलच्या आईची फिरणारी ‘मूळ कथा’ मूळ काव्यातली नाही

‘बेवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य. त्याचा नायक बेवुल्फ आधी ग्रेंडेल नावाच्या राक्षसाला आणि मग त्याच्या आईला मारतो. पण ‘बेवुल्फ ग्रेंडेलच्या आईच्या मोहात पडला आणि शेवटचा ड्रॅगन हा त्यांचाच मुलगा’ असं सांगणारी पोस्ट फिरतेय. ही कथा 2007 च्या हॉलिवूडपटातली आहे. सुमारे इसवी सन 1000 च्या एकमेव हस्तलिखितात टिकलेल्या 3182 ओळींच्या काव्यात असं काहीही नाही.

काव्यात बेवुल्फ तळ्याच्या तळाशी ग्रेंडेलच्या आईशी जिवावर उदार होऊन झुंजतो. डेन्मार्कचा राजा ह्रोथगार याच्या दरबारातल्या उन्फर्थने दिलेली ‘ह्रंटिंग’ नावाची तलवार तिच्यावर चालतच नाही. ती त्याच्या छाताडावर बसून सुरा उपसते. चिलखत होतं म्हणून तो वाचतो. मग तिथेच दिसलेल्या, राक्षसांनी घडवलेल्या प्राचीन तलवारीने तो तिची मान तोडतो. रक्ताने ते पातं बर्फासारखं वितळतं आणि हातात फक्त मूठ उरते. तीच तो ह्रोथगार राजाला आणून देतो.

ड्रॅगन येतो बेवुल्फच्या 50 वर्षांच्या राजवटीनंतर, तोही डेन्मार्कात नव्हे, बेवुल्फच्या स्वतःच्या गीट लोकांच्या देशात. खजिन्यातला पेला चोरीला गेला म्हणून तो चवताळतो. नात्यागोत्याचा संबंधच नाही. त्या लढाईत म्हाताऱ्या राजाला सोडून सोबती रानात पळतात, एकटा विग्लाफ हा तरुण योद्धा धावून येतो. काव्यातला हा इतका मोठा प्रसंग पोस्टमध्ये गाळलाय, याचं जास्त वाईट वाटतं.