यांचं नाव कसं घेऊ?

गणेश मंडळाची वर्गणीदारांची यादी संगणकावर चढवायचं ठरलं, तेव्हा माझ्या तोंडात वडा होता. नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेने ३ खण केले: नाव, मधलं नाव, आडनाव. अख्ख्या आळीचे प्रत्येकी ३ तुकडे झाले.

पहिल्याच दिवशी देशपांडेकाका आले. "दत्तात्रय विष्णू देशपांडे. बघ." टाकलं. शून्य! नावाच्या खणात नुसता दत्तात्रय बसलेला. विष्णू आणि देशपांडे आपापल्या खणात, आणि तिघांची एकमेकांशी ओळखदेख नाही. मग मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या, तुकडे जोडणाऱ्या कॉनकॅट नावाच्या आज्ञेने तिघांना एका माळेत ओवलं, मध्ये मोकळ्या जागा घातल्या आणि शोध त्या माळेत घेतला. (मोकळ्या जागा पहिल्यांदा विसरलो होतो. 'दत्तात्रयविष्णूदेशपांडे' हा समास सोडवायला पाणिनी लागला असता.) काका सापडले. मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडेकाकू. फॉर्म भरताना त्यांनी मधला खण कोराच ठेवला होता, "यांचं नाव कसं घेऊ रे?" असं लाजून म्हणत. उखाण्यात घ्या म्हटलं, तर खणात उखाणा मावेना. आता डेटाबेसच्या भाषेत असा कोरा खण म्हणजे 'नल', आणि कॉनकॅटचा खाक्या असा, की माळेत एक जरी नल आला तरी अख्खी माळ नल. नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणून बाईच गायब! आमच्या आजेसासूबाईसुद्धा इतक्या कडक नव्हत्या. शेवटी कॉनकॅटची धाकटी बहीण कॉनकॅट-डब्ल्यूएस मदतीला आली. ती नलकडे काणाडोळा करून पुढे जाते.

तरी काकू नाहीतच. रात्री साडेबाराला उलगडा झाला. यादी टाइप करणाऱ्या दोन पोरांपैकी एकाने 'ऱ्ह' काढताना नुक्त्याचा ऱ वापरला होता, दुसऱ्याने साधा र, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही कुऱ्हाडे अगदी जुळे, संगणकाच्या लेखी मात्र सात जन्मांचे परके.

सकाळी काकूंना हे समजावत होतो, तेवढ्यात खजिनदारांनी जुनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "या काय, कुऱ्हाडेवहिनी! गेल्या वर्षीचे ५१ रुपये बाकी."

काकूंनी पिशवी उचलली. "संगणकात नाही ना? मग राहू दे."