गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

नैराश्याच्या गोळ्यांविषयीचा एक मेसेज हातोहात पुढे जातो आहे. थोडक्यात तो असा: ‘सेरोटोनिन कमी झाल्याने डिप्रेशन येतं हे खोटं ठरलं. म्हणजे गोळ्या निरुपयोगी. डिप्रेशन म्हणजे नुसता ताण, मन खंबीर केलं की जातो. गोळ्या आजच बंद करा.’ पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. म्हणूनच पुढची तीन सहज गळी उतरतात.

सेरोटोनिनचं आधी पाहू. ते मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. जुलै २०२२ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सेरोटोनिनची कमतरता हेच नैराश्याचं कारण, याला त्यांना सातत्याने टिकणारा पुरावा मिळाला नाही. ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ असं रुग्णांना वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं गेलं, ती चूकच होती. पण औषधांचा उपयोग होतो की नाही, हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता.

‘म्हणजे गोळ्या निरुपयोगी’ ही उडी इथेच फसते. नैराश्यावरची पहिली औषधं सेरोटोनिनच्या सिद्धांतातून जन्मलेली नाहीत. १९५० च्या दशकात क्षयरोगासाठी इप्रोनियाझिड दिलं जात होतं, तेव्हा रुग्णांची मरगळ गेल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. इमिप्रामिन हे दुसरं औषध मुळात स्किझोफ्रेनियासाठी तपासलं जात होतं. त्यांच्या कार्याचे सिद्धांत नंतर मांडले गेले. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून विकलं जात होतं. ते वेदना कशी कमी करतं याचा उलगडा ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. मधल्या सात दशकांत त्याने डोकेदुखी थांबत नव्हती, असं कोणी म्हणणार नाही.

उपयोग होतो का, हे चाचण्यांतूनच कळतं. २०१८ मध्ये संशोधक अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत १,१६,४७७ रुग्ण होते. नैराश्यावरची २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली. मात्र सरासरी फरक मोठा नाही, आणि बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्याच होत्या. सौम्य नैराश्यात तर ब्रिटनची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही सहसा गोळ्यांनी सुरुवात करू नका, असंच सांगतात. रुग्णालाच गोळी हवी असेल तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ कोणाला गोळी द्यायची हे नीट पाहावं लागतं. ती कोणालाच देऊ नये, असा होत नाही.

‘मन खंबीर करा’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. ताणाचा संबंध आहेच. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कँबरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्य येण्याआधी बहुतेकींच्या आयुष्यात मोठा आघात किंवा दीर्घ अडचण होती. पण आघात झालेल्या सगळ्याच जणी आजारी पडल्या नाहीत. मन मोकळं करावं असं जवळचं माणूस आहे की नाही, याने मोठा फरक पडत होता. त्यात भर अशी की पहिल्या नैराश्याआधी बहुधा मोठं संकट दिसतं. पण आजार पुन्हापुन्हा उलटला की पुढच्या खेपेला तेवढ्या मोठ्या संकटाची गरज उरत नाही. तिसऱ्यांदा कोसळलेल्या माणसाला ‘एवढ्याशा गोष्टीने?’ असं विचारणं म्हणजे आजाराचं लक्षणच त्याचा दोष ठरवणं. आणि उडालेली झोप, मेलेली भूक, कशातही न उरलेला रस, हे आठवडेच्या आठवडे चाललेलं असताना धीर एकवटायचा कुठून? वर्तन-सक्रियता या उपचारात म्हणूनच उमेद येण्याची वाट पाहत नाहीत. आधी छोटी, ठरलेली कृती, उमेद मागून. २०१६ मध्ये ४४० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत हा साधा उपचार विचार-वर्तन उपचारापेक्षा (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा समुपदेशनाचा उपचार) कमी पडला नाही.

शेवटचं वाक्य मात्र घातक आहे: ‘आजच बंद करा’. गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, झोपमोड, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्याच्या गोळ्यांच्या बाबतीत हा त्रास अधिक दिसतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत बरं वाटणारे, दीर्घकाळ गोळ्या घेणारे ४७८ जण होते. निम्म्यांची औषधं हळूहळू कमी करत बंद केली. वर्षभरात त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांचं नैराश्य उलटलं. गोळ्या चालू असलेल्यांत ३९ टक्क्यांचं. म्हणजे सोडूनही ठीक राहणारे बरेच असतात, आणि सोडायची इच्छा रास्त आहे. ती डॉक्टरांना सांगा. डोस आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवता येतो. सोडताना त्रास झाला तर तो कधी सुरू झाला याची नोंद ठेवा: काही दिवसांतच आला तर बहुधा औषध सुटल्याचा, हळूहळू आठवड्यांनी वाढत गेला तर आजार परतत असल्याचा.