कुलूप बाहेर, आत्या आत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आत्यांबद्दल मात्र दोन्हीकडे अवाक्षर नाही.

मी तसा सावध माणूस. फेसबुकचं प्रोफाइल लॉक, जन्मसाल गुप्त, मोबाइल नंबर 'ओन्ली मी'. 'मागच्या जन्मी तुम्ही कोण होता?' असल्या चाचण्यांना तर हातही लावत नाही. २०१८ मध्ये गाजलेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात असंच एक चाचणीचं अ‍ॅप होतं. चाचणी देणारे थोडे, पण त्यांच्या मित्रयादीतल्यांचीही माहिती गेली. फेसबुकचाच अंदाज ८ कोटी ७० लाखांपर्यंतचा होता. म्हणजे परका चोर लागतोच कशाला, आपली माणसं समर्थ आहेत.

माझ्या वाढदिवसाला आत्याने पाळण्यातला फोटो टाकला. अंगावर काळा दोरा, बाकी काही नाही. वर मजकूर : 'आमचा बंड्या आज पंचेचाळीस वर्षांचा झाला!' जन्मसाल निकालात. खाली मामांची कमेंट : 'नाक मात्र आम्हा देशपांड्यांचं!' आईचं माहेरचं आडनाव हा माझ्या बँकेचा सुरक्षेचा प्रश्न आहे. मग काका आले : 'मूळव्याध कशी आहे आता? सुरण खात जा.' याला आमच्या साहेबांनी लाइक दिलं. सुरणाला की मूळव्याधीला, विचारायची सोय नाही.

टॅगला आधी माझी मंजुरी लागेल, अशी सेटिंग मी करून ठेवलीच होती. पण त्या सेटिंगने फोटो माझ्या भिंतीवर येत नाही, एवढंच. आत्याच्या भिंतीवर तो 'पब्लिक' असतो, आणि आत्याला 'पब्लिक' म्हणजे आपली चार माणसं वाटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरही तीच गत. मला ग्रुपमध्ये कोणी ओढायचं, यातून एकेक नातेवाईक वगळला. आता थेट ओढता येत नाही, आमंत्रण येतं आणि तीन दिवसांत बाद होतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन : "अरे, लिंक मरायला आलीय, दाब की!" लास्ट सीन बंद केला, तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, लपवण्यासारखं चाललंय तरी काय?" शिवाय स्वतःचा लपवला की दुसऱ्यांचाही दिसत नाही, ही शिक्षा वेगळीच.

शेवटी आत्याला गुपचूप 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाकलं. यात मैत्री शाबूत राहते, पण समोरच्याला आपलं फक्त पब्लिक तेवढं दिसतं. आठवडाभर शांतता. मग आत्याची पोस्ट आली, अर्थात पब्लिक : 'भाच्याचं हल्ली काहीच दिसत नाही. मूळव्याध बळावली असावी. कुणाला माहिती असल्यास कळवणे.' सोबत तोच पाळण्यातला फोटो, आणि संपर्कासाठी माझाच मोबाइल नंबर.

सकाळपासून फोन चालू आहेत. दोघांनी सुरण पाठवतो म्हणून पत्ता मागितला, तो मामांनी कमेंटमध्ये दिलाय.