देशमुख की देशपांडे

ठाण्याच्या तलावपाळीवर पूर्वी संध्याकाळी फुगे फोडायची बंदूक घेऊन एक माणूस उभा असायचा. त्या बंदुकीची नळी अशी काही वाकली होती की लाल फुग्यावर नेम धरला की पिवळा फुटायचा. पण एक होतं. बंदूक एकच होती. कुठली घेऊ, हा प्रश्नच नव्हता. पैसे द्यायचे, पाच छरे मारायचे, हात हलवत घरी यायचं.

मला निवडता येत नाही. गडकरी रंगायतनला मध्यंतरात बटाटावडा घेऊ की साबुदाणा वडा या विचारात तिसरी घंटा होते आणि मी रिकाम्या पोटी दुसरा अंक बघतो. हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. तरीही हिच्या मामांनी नेरुळहून फोन केला.

मामा जुने नेमबाज. खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं आणि मामांनी पुण्याला लेकीकडे जाऊन राहायचं ठरवलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही या, लोखंड आणू नका."

"जावईबापू," मामा म्हणाले, "माझ्याकडे दोन एअर रायफली आहेत. एक तुमची, एक ऐरोलीच्या माझ्या मित्राची. तुम्ही घरचे, म्हणून आधी तुम्ही निवडा. जी उरेल ती त्याला."

मान म्हणून दिलेली शिक्षा म्हणतात ती हीच.

दोन्ही बंदुका स्प्रिंग-पिस्टनच्या, दोन्ही मोठ्या घरच्या. एक जर्मन, वाइहराउखची एचडब्ल्यू ९७ के. दुसरी इंग्लिश, एअर आर्म्सची टीएक्स २००. जर्मन कंपनी १८९९ सालची, आता बव्हेरियातल्या मेलरिखश्टाट गावची. एके काळी हे लोक सायकलीही बनवायचे. वाइहराउख या शब्दाचा जर्मन भाषेत अर्थ आहे ऊद, धूप. हे मी जेवताना सांगितल्यावर सासूबाईंचं मत तिथल्या तिथे जर्मन बंदुकीला पडलं. इंग्लिश कंपनी ससेक्समधल्या हेल्शमची. तिच्या नावाचा अर्थ नुसता 'हवेची शस्त्रं', त्यात पावित्र्य वगैरे काही नाही.

एक वाईट आणि एक चांगली असती तर मीसुद्धा निवडली असती. पण या दोघी मावसबहिणी. जर्मनांनी १९८० च्या दशकात एचडब्ल्यू ७७ काढली, तीच घडण पुढे इंग्रजांनी उचलली आणि जर्मनांनीही पुढे नेली. त्यामुळे दोन्हींची नळी जागची हलत नाही. नळीखाली एक दांडा असतो, तो हापशासारखा खाली आणि मागे ओढायचा. दोन्हींना दुर्बीण लावल्याशिवाय नेम धरता येत नाही. दोन्हींचा चाप लोण्यासारखा. फरक विचारला तर मामा म्हणाले, "इंग्लिशचा दांडा ओढताना कट-कट आवाज येतो, जर्मनचा येत नाही." आणि लाकूड. इंग्लिशचा दस्ता अक्रोडाचा, जर्मनचा बीचचा. मी आयुष्यात अक्रोड फक्त खाल्लेला. बीच म्हटलं की मला अलिबाग आठवतं.

"झुरळ दिसलं की तुम्ही मला हाक मारता," ही म्हणाली, "आणि बंदूक?"

मी तिकडे दुर्लक्ष करून वही काढली. मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'ज', उजवीकडे 'इं'. पहिलाच मुद्दा वजनाचा. जर्मन साधारण ४ किलो, इंग्लिश साधारण ४ किलो २०० ग्रॅम. दुर्बिणीचं अर्धा किलो दोन्हींत सारखंच, म्हणून ते सोडून दिलं. हे २०० ग्रॅम खांद्याला कळतात का, ते बघायला हवं होतं. जाळी काढायच्या लांब झाडूला दोन लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून बांधल्या. झाली जर्मन. मग एक वाटी पाण्याची पिशवी वर लटकवली. झाली इंग्लिश. हॉलमध्ये उभा राहून मी आलटून पालटून दोन्ही खांद्याला लावत होतो आणि बरोबर इंग्लिशच्या वेळी दार वाजलं. सोसायटीचे सेक्रेटरी. झाडू, बाटल्या, ठिबकणारी पिशवी आणि एक डोळा मिटलेला मी, हे सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं.

"पाणी साठवताय होय?" ते म्हणाले. "शुक्रवारी येणार नाहीये, ते सांगायलाच आलो होतो."

बंदुकीचं कळल्यावर मात्र ते खुर्ची ओढून बसले. सोसायटीला तीन वर्षं कबुतरांनी छळलंय, तुम्ही गच्चीवर बसा, चहा वॉचमन आणून देईल. मी म्हटलं, जिवावर छरा चालवणं मला जमणार नाही, शिवाय तो गुन्हा आहे, कागदावर नेम धरायचाय. "कागद काय घाण करतोय?" असं म्हणून ते निघून गेले. लिफ्टच्या आरशाशेजारी दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : इमारतीत शस्त्र बाळगणाऱ्यांनी कार्यालयात कळवावे. इमारतीत असा मी एकटाच, आणि माझ्याकडे अजून झाडूच होता. मामांनी फोनवर समजावलं की ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलच्या आत ताकद असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, आणि या दोन्ही सोळाच्या आसपासच्या. इंग्लंडातही तेवढ्याच चालतात. जर्मनीत विनापरवाना फक्त साडेसात ज्यूल. म्हणजे जर्मन माणसाला स्वतःच्याच गावची बंदूक परवान्याशिवाय निम्म्याहून कमी जोराची मिळते. वहीत मी हा मुद्दा कोणत्या बाजूला लिहावा ते कळेना, म्हणून रेघेवर लिहिला.

मग अंतर. एअर रायफलचा नेम १० मीटरवरून धरतात. आमच्या पाचपाखाडीच्या घरात सगळ्यात लांब सरळ रेघ निघते ती गॅलरीच्या कठड्यापासून हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघराच्या दारातून थेट देवघरापर्यंत. टेप लावला. ८ मीटर ७० सेंटीमीटर. बाळकृष्ण बरोबर निशाण्याच्या उंचीवर. सासूबाईंनी धुपाच्या बंदुकीला दिलेलं मत त्याच क्षणी मागे घेतलं.

शेवटी रविवारी आम्ही ट्रान्सहार्बरच्या लोकलने नेरुळला गेलो. मामांचं सिडकोचं रो-हाऊस, अरुंद आणि लांब. मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत बोळातून बरोबर १० मीटर भरतं. भिंतीपाशी लोखंडी पेटी, तिच्यात जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठासलेल्या, त्यांच्यावर निशाण्याचा कागद. कागदावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, पाचाच्या नाण्याहून थोडं मोठं. आणि त्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीसुद्धा त्याहून मोठी. अशा ठिपक्यावर २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मारलं. इथे जवळच पनवेलला नेमबाज सुमा शिरूर शाळकरी पोरांना हेच शिकवतात. मामा म्हणाले, त्यांच्या बंदुका वेगळ्या, आधीच दाबून भरलेल्या हवेच्या. झटका नसल्यात जमा.

"मग तशीच का नाही घेतली?"

"हवा भरायला सिलिंडर आणा, नाहीतर पंप मारा. स्प्रिंगवालीला काही लागत नाही. स्वतःची हवा स्वतःच करते."

तिचं काम मामांनी चहाच्या बशीवर बोट फिरवत समजावलं. दांडा ओढला की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, पुढची हवा दाबली जाऊन तापते आणि छऱ्याला ढकलते. छरा दिसायला डमरूसारखा, वजन अर्धा ग्रॅम. आणि हे सगळं चालू असताना, छरा अजून नळीतच असताना, बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे उसळते. साध्या बंदुकीचा धक्का एकच, हिचे दोन, उलटसुलट. भल्याभल्या दुर्बिणी याने खिळखिळ्या होतात. त्यामुळे ती घट्ट धरली की छरा भलतीकडे.

"बंदूक जावयासारखी धरायची," मामा म्हणाले. "खालून आधार द्यायचा, वरून मान द्यायचा, पण पकडून ठेवायला गेलात की उसळते."

मी भाचेजावई. मान हलवली.

पहिले दहा छरे जर्मनचे. दांड्याला पंधरा-सोळा किलोचा जोर लागतो, चौथ्या वेळेपासून मी तो दोन्ही हातांनी ओढू लागलो. एक छरा माझ्या जाड बोटांतून निसटून तुळशीच्या कुंडीत गेला, तो धरून अकरा. मग दहा इंग्लिशचे, कट-कट-कट. दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्हींवर भोकं तेवढीच पसरलेली, दोन्हींवर डावीकडे खाली. बंदुकीचा स्वभाव म्हणावा असं त्यात काही नव्हतं, डावीकडे खाली जायचा स्वभाव माझा होता. मग मामांनी, दुखऱ्या खांद्याने, कठड्यावर उशी ठेवून प्रत्येकी पाच मारले. प्रत्येक कागदावर एकच भोक, जरासं फाटलेलं, करंगळीच्या नखाएवढं.

"बघा," मामा म्हणाले.

काय बघू? दोन भोकं होती, जुळी.

मला एकदम सुचलं. ताकद मोजू! एक नवी कोरी डिरेक्टरी पेटीत ठेवली (मामांकडे तीही निघाली, ते काहीच टाकत नाहीत), पहिल्या पानावर प्रत्येकीचा एक छरा मारला आणि पानं उलटत बसलो. आपटे, भिडे, चव्हाण अशी आडनावं भेदत जर्मन छरा देशमुखांपर्यंत पोहोचला होता. धडधडत्या छातीने इंग्लिश शोधला. तो देशपांड्यांत थांबला होता. दोघांमध्ये तीन पानं.

मी वहीत लिहिलं : इं, देशपांडे. मग वाटलं, देशमुखांशी थांबलेली बंदूक जास्त संयमी नाही का? खोडलं.

मामी इतका वेळ पोहे घेऊन दारात उभ्या होत्या. "यांनाच विचारा ना कुठली चांगली," त्या म्हणाल्या.

"मामा, तुम्ही दोन घेतल्याच का?"

मामांनी पोह्यांतला शेंगदाणा बाजूला केला. "आधी जर्मन घेतली. मग रात्री झोप येईना." थोडं थांबून म्हणाले, "मग इंग्लिश घेतली. मग जर्मन विकायची होती." शेंगदाणा परत पोह्यांत ढकलला. मामी काहीच बोलल्या नाहीत, पण किती वर्षं बोलत नव्हत्या ते कळलं.

संध्याकाळी शेवटी मी जर्मन घेतली. कारण विचाराल तर सांगतो. तिचं खोकं दाराजवळ होतं आणि ७:१२ ची गाडी पकडायची होती.

गाडीत दोन्ही मांड्यांवर खोकं आडवं ठेवून बसलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, तंबोरा का? मी हो म्हणालो. त्यांच्या नातवाला गाणं शिकवायचं होतं, कुठला क्लास लावू म्हणाल्या, ठाण्यातले दोन त्यांनी बघून ठेवले होते. दोन्ही चांगले होते. मी घणसोली येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर खोकं कपाटावर ठेवलं. दोन दिवस सुखात गेले. बुधवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात कट-कट-कट सुरू झालं. गुरुवारीही. अक्रोडाचं लाकूड हाताला कसं गार लागलं होतं, ते आठवायला लागलं. ही म्हणाली, "दात खाताय का?"

शुक्रवारी पाणी आलं नाही. साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी ऐरोलीहून बोलतोय. मामांनी नंबर दिला." आवाज भिडस्त, वयस्कर. "सहज केला. तुमची बरी आहे ना?"

"उत्तम. तुमची?"

"फार सुंदर. काही प्रश्नच नाही."

दोघेही गप्प.

"आवाज नाही ना करत तुमची? ओढताना?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"हं." पलीकडे त्यांनी दांडा ओढल्यासारखा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं. "आमच्याकडे मागे बोळ आहे. १० मीटर भरतो. पण छरे थांबवायला काही नाही, मामांची पेटी पुण्याच्या ट्रकमध्ये चढली म्हणे."

"डिरेक्टऱ्या मी बघतो," मी म्हणालो. "रद्दीवाला ओळखीचा आहे."

"मग रविवारी या. येताना तुमची घेऊन या, म्हणजे..." ते अडखळले. "लोकल दहाची आहे आणि दहा अठराची आहे. कुठली बरी पडेल तुम्हाला?"