ओले लाकूड, प्रोपेनचा हीटर आणि ड्रायवॉलचे तडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅनडातील ओंटारियोमध्ये हिवाळी बांधकामात ड्रायवॉलला, म्हणजे भिंती-छताच्या जिप्सम बोर्डांना, जाणाऱ्या तड्यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पुण्यात भर पावसाळ्यात आपण जिप्समची कितीतरी छते केली आणि कुठेही तडा गेला नाही, म्हणजे दोष कारागिराचा असतो, हवामान हे निमित्त. काम चालू असताना घरात किमान १० अंश सेल्सिअस तापमान राखण्याची लेखात मी सरसकट दिलेली अट आपल्याला अवास्तव वाटते, आणि दोन प्रोपेन हीटर लावून काम उरकता येत असताना थांबण्याचा खर्च मालकाच्या माथी मारू नये, असेही आपण लिहिले आहे.

आपल्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. मात्र आपली छते जीआय चॅनेलच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या) सांगाड्यावर असणार, आणि मी लिहिले ते लाकडी सांगाड्याच्या घरांविषयी. चॅनेल दमट हवेने फुगत नाही की सुकून आकसत नाही. लाकूड दोन्ही करते. ‘सुके’ असा शिक्का असलेल्या लाकडातही १९ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आणि नोव्हेंबरच्या पावसात उघड्यावर भिजलेल्या लाकडात तो याहून अधिक असतो. घर गरम राहू लागले की काही महिन्यांत हाच ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि तेवढ्यात मजल्याची २३५ मिलिमीटर उंचीची तुळई साधारण ६ मिलिमीटरने बुटकी होते. जिन्यालगतच्या उंच भिंतीत, जिथे बोर्ड दोन मजल्यांच्या सांध्यावरून सलग जातो, तिथे हे ६ मिलिमीटर कुठे जाणार? सांध्यावर कितीही सफाईने लावलेली कागदी टेप ते सोसू शकत नाही.

छत आणि आतली भिंत यांच्या कोपऱ्यात दर जानेवारीत उघडणारा आणि उन्हाळ्यात मिटणारा तडा तर याहून चकवणारा असतो. छताच्या ट्रसची (छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटीची) खालची दांडी इन्सुलेशनमध्ये उबदार व कोरडी राहते, वरच्या दांड्या थंड हवेत ओलावा धरून लांबतात, आणि ट्रस मधोमध कमानीसारखी वर उचलली जाते. तिथे पुट्टीचे थर वाढवणे व्यर्थ आहे. भिंतीपासून साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत छताच्या बोर्डाला ट्रसमध्ये स्क्रू न मारता त्याची कड भिंतीच्या आधारावर ठेवली, तर बोर्ड वाकतो, पण कोपरा फाटत नाही.

१० अंशांच्या बाबतीत मात्र आपण मला योग्य जागी पकडलेत. एएसटीएम सी ८४० या अमेरिकी मानकानुसार बोर्ड नुसते स्क्रूने बसवताना सुमारे ४ अंश पुरतात. १० अंशांची अट चिकटद्रव्य आणि सांध्यांच्या कामासाठी आहे, आणि ते तापमान काम सुरू होण्याच्या ४८ तास आधीपासून सर्व पूर्ण वाळेपर्यंत अखंड राखायचे असते. लेखात मी तशी दुरुस्ती केली आहे. अखंड म्हणजे रात्रीसुद्धा. संध्याकाळी पाच वाजता हीटर बंद करून घरी जाणारे कंत्राटदार मी बरेच पाहिले आहेत.

हीटरच्या सूचनेशी मी मुळीच सहमत नाही. १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. धुराडे नसलेल्या हीटरवर ९ किलोचा एक सिलिंडर संपला, की सुमारे १४ लिटर पाणी त्याच बंद घराच्या हवेत मिसळलेले असते (कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच). दोन वर्षांपूर्वी एका घरात मी हेच पाहिले : खोली ऊबदार, खिडक्यांवर पाण्याचे ओघळ, आणि चौथ्या दिवशीही सांधे बोटाला ओले. ज्वलनाचा धूर बाहेर सोडणारा हीटर आणि सोबत हवा खेळती ठेवण्याची सोय, याला पर्याय नाही. सांध्यांच्या पहिल्या थरासाठी मी पाण्यात कालवून रासायनिक क्रियेने घट्ट होणारी पावडर वापरतो. ती आपल्या पीओपीच्याच जातीची. बादलीतले तयार कंपाउंड (सांधे भरायचा लगदा) केवळ पाणी उडूनच वाळते, आणि दमट थंडीत ते उडतच नाही.

कारागिराचा दोष कधीच नसतो, असे माझे म्हणणे नाही. दाराच्या कोपऱ्यावरच बोर्डाचा सांधा आणणारे महाभाग इथेही आहेत. खर्चाचे म्हणाल, तर मी आठवडे मोजत नाही, लाकडाला ओलावामापक लावतो. तो आकडा खाली आला, तर दुसऱ्या दिवशीही काम सुरू करतो.

नव्या, ओल्या गिलाव्याच्या भिंतीला लागून आपण पावसाळ्यात छताची कड कशी बसवता, हे मात्र सवडीने जरूर लिहावे.