रेग्युलेटरला हात लावू नका!

काउंटरवरच्या नळातून बीअरऐवजी फेस आला की पहिली बोंब मागच्या स्टॉकरूमच्या नावाने. "केग खराब आलाय, बदल." अहो, केग, म्हणजे बीअरचं पोलादी पिंप, खराब नाहीये! बहुतेक वेळा तो नसतोच. पण ऐकून कोण घेणार? समोर रांग, विमानाची शेवटची घोषणा चाललेली, आणि मागे राबणारा माणूस दिसतच नाही, म्हणून शिव्या त्यालाच.

विमानतळावरच्या पबला तळघर म्हणावं असं तळघर नसतं. सर्व्हिस कॉरिडॉरच्या टोकाला एक थंड खोली असते, कधी एक मजला खाली. तिथून बीअरच्या नळ्या गार पाण्याच्या नळीला बिलगून, जाड वेष्टणात गुंडाळून काउंटरपर्यंत नेलेल्या असतात. ३० मीटर अंतर काहीच नाही. नळीचा आतला व्यास साडेनऊ मिलिमीटर धरला तर मीटरमागे ७० मिलिलिटर, म्हणजे त्या नळीत दोन लिटरच्या वर बीअर कायम उभी. मागे काही चुकलं तर पुढे ते दोन लिटर ओतून झाल्यावर कळतं. मागे दुरुस्त केलं तरी पुढे ते दोन लिटर गेल्याशिवाय फरक दिसत नाही. एवढं थांबायची तयारी नाही कुणाची! दोन ग्लास फेसाळले की कोणीतरी तावातावाने मागे येतो आणि थेट रेग्युलेटर, म्हणजे केगमधून बीअर ढकलणाऱ्या गॅसचा दाब ठरवणारी चावी, पिळतो.

काय होतं त्याने? दाब वाढवला की घटकाभर धार नीट येते, आणि पिळणाऱ्याला वाटतं जमलं. पण केगमधली बीअर रात्रभर तो जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पीत बसते. पहाटेच्या पहिल्या फ्लाइटच्या गर्दीत तीच बीअर दुप्पट फेसाळते. दाब कमी केला तर गॅस नळीतच सुटतो, म्हणजे पुन्हा फेस. दाबाचा हा आकडा तापमान, नळीची लांबी आणि चढ बघून बसवलेला असतो, मनाला येईल तसा नाही. त्याहून संताप येतो तो स्टाउटचा, म्हणजे त्या काळ्या, दाट बीअरचा. तिला ७० टक्के नायट्रोजन आणि ३० टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण लागतं. मिश्र सिलिंडर संपला म्हणून शेजारचा नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा जोडून मोकळे होतात, आणि तो अख्खा केग वाया जातो.

फेसाचं खरं कारण शंभरात नव्वद वेळा तरी एकच: केग गरम आहे. ५० लिटरचा केग, भरलेला ६० किलोच्या वर. बाहेरच्या उष्म्यातून आला की आतपर्यंत गार व्हायला त्याला पूर्ण दिवस लागतो. बाहेरचं पोलाद तासाभरात हाताला गार लागतं, तेच फसवतं. गरम बीअरमध्ये गॅस विरघळून राहत नाही, तो सुटणारच. मग केग एक दिवस आधी खोलीत का नसतो? कारण ऑर्डर शेवटच्या घटकेला दिली जाते! सुरक्षा तपासणीच्या पलीकडे जाणारी प्रत्येक वस्तू तपासून किंवा सीलबंद यावी लागते. सीलचा नंबर कागदाशी जुळला नाही, एक अंक जरी इकडचा तिकडे झाला, तर माल तिथेच अडतो. गाडीची ठरलेली वेळ चुकली की पुढच्या वेळेपर्यंत केग धक्क्यावर तापत उभे. त्यानंतर एकच मालवाहू लिफ्ट, आणि ती सगळ्या दुकानांची. एवढं सगळं पार करून आलेला केग दहा मिनिटांत जोडा म्हणे! वर थंड खोलीच्या दाराला बाटल्यांचा क्रेट लावून ते सताड उघडं ठेवायचं, कारण ये-जा सोपी पडते. खोली ३-४ अंशांवर राहायची, ती १२ वर जाते, आणि आपण मात्र खराब केगच्या नावाने ओरडत बसतो.

केग बदलणं हेही घाईचं काम नाही. गॅस बंद, फेस अडवणाऱ्या कपातला तरंगता चेंडू खाली, मग कपलर, म्हणजे केगच्या तोंडाला नळ्या जोडणारी टोपी: तिचा दांडा वर, आणि ती फिरवून काढायची. नव्या केगची तारीख बघायची, तोंड निर्जंतुक करायचं, कपलर बसवायचा, दांडा खाली, गॅस चालू, मग कपातली हवा सोडून तो काठोकाठ बीअरने भरला की चेंडू मोकळा करायचा. हवा सोडायची शेवटची पायरी गाळली की तीच हवा ३० मीटर पुढे जाते आणि काउंटरवर थुंकते.

नळ्या धुण्याबद्दल तर बोलायलाच नको. दर ७ दिवसांनी धुवायच्या. शेवटची फ्लाइट सुटली की पहाट उजाडेपर्यंत हातात तीन-चार तास. आधी पाणी, मग क्षारीय द्रावण भरून अर्धा तास ठेवायचं, मध्ये एकदा ताजं ओढायचं, आणि शेवटी लिटमस कागदाचा रंग साध्या पाण्यासारखा येईपर्यंत पाणी सोडायचं. "दहा मिनिटं पुरे, उघडायचंय" असं म्हणणाऱ्यांना सांगतो: नळीत उरलेलं ते द्रावण कॉस्टिक आहे, माणसाचा घसा भाजतो!

आणि गॅस. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्याला वास नाही. आठ तासांच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी मर्यादा ०.५ टक्के. ३ टक्क्यांच्या आसपास डोकं दुखतं, धाप लागते. १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध. कोणी खाली पडलेला दिसला तर धावत आत शिरायचं नाही, दुसराही तिथेच पडतो. घाईने जोडलेल्या सिलिंडरचा वॉशर निसटला, साबणाच्या पाण्याने जोड तपासला नाही, की गळती सुरू. ती सांगायला भिंतीवर अलार्म असतो. वाजून वाजून त्रास देतो म्हणून त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी लावलेली असते. ती चिकटपट्टी आजच्या आज काढा, आणि ती लावणाऱ्याला आधी त्या बंद खोलीत केग उचलायला पाठवा.