डावा स्पीकर मधेच गप होतो? हे नक्की करून बघा

वडिलांनी हौसेने घेतलेला ऐंशीच्या दशकातला जपानी ॲम्प्लिफायर (ॲम्प) आहे, ऐन तानेत डावा स्पीकर गप होतो आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की आपला आपण परत येतो, असं होतंय का? मग वेळ घालवू नका, कामाला लागा.

आधी वरून एक थाप. आवाज आला म्हणजे दुरुस्त झाला, आत कुठलं सोल्डर तडकलंय वगैरे बघत बसायचं नाही.

मागच्या डाव्या-उजव्या पिना चुकूनही अदलाबदल करून बघू नका. बिघाड बाजू बदलतो की तिथेच राहतो यावरून दोष सीडी प्लेअर-वायरचा की पुढचा हे फुकटात कळतं, मग खर्च कशावर करणार?

सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. "साउंडबार घ्या" येईल. घ्या.

यूट्यूब बघून सगळे कपॅसिटर बदला. डावा तरीही बंदच राहील, पण कपॅसिटर नवे असल्याचं समाधान वेगळंच.

आणि मुख्य म्हणजे मेकॅनिककडे न्या. न्याच. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक' येतं तो स्पीकरचा रिले, म्हणजे स्पीकर ॲम्पला जोडणारा आपोआप चालणारा स्विच, इतक्या वर्षांत त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, हळू आवाजात करंट नीट पार होत नाही आणि व्हॉल्यूम वाढवला की होतो, हे त्याला अजिबात सांगू नका, कारण तो न उघडताच म्हणणार "आयसी गेला, आता मिळत नाही", आणि या ॲम्पच्या आउटपुटला आयसीच नाहीये हो, साधे ट्रान्झिस्टर आहेत, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या हीटसिंकवर ढळढळीत दिसतात! मग "पार्ट लॅमिंग्टन रोडवरून येतोय", "मुलगा गावी गेलाय", "उद्या या", आणि शेवटी चेकिंग चार्ज घेऊन ॲम्प परत, डावा चॅनेल तसाच, वर व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये दाराच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे मारलेला, त्यामुळे जो उजवा बिचारा बरा होता तोही आता खरखरतोय.

अरे येत नाही तर येत नाही म्हणा ना! कोण खाणार होतं तुम्हाला? शे-दोनशेचा २४ व्होल्टचा रिले, थोडंसं सोल्डर, अर्ध्या तासाचं काम. कॉन्टॅक्ट साफ करायचा खास स्प्रे, कॉन्टॅक्ट क्लीनर, विकत मिळतो, प्लग काढून मारायचा आणि व्हॉल्यूम, बॅलन्स, टेप मॉनिटर, स्पीकर ए-बी सगळी बटणं पुन्हा पुन्हा फिरवायची, एवढं तरी दुकान उघडून बसलेल्या माणसाला माहीत असावं की नाही? रिलेचे कॉन्टॅक्ट सॅंडपेपरने घासलेत ते वेगळंच, वरचा मुलामा गेला, आता महिन्याभरात परत काळे. ज्याला हात लावता येत नाही त्याला हात लावू नका. आणि झाकणाचे स्क्रू कुठे टाकलेत ते बघून ठेवा, शनिवारी येतोय मी.